माळवदाची देखभाल आणि दुरुस्ती

माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर काटक्यांचा किंवा फळ्यांचा थर देऊन आणि त्यावर माती पसरून केलेले घराचे सपाट छत होय. महाराष्ट्राच्या कमी पावसाच्या पट्ट्यात, म्हणजे सातारा व सांगली जिल्ह्यांचा पूर्व भाग, सोलापूर जिल्हा आणि मराठवाडा येथे, ही बांधणी दीर्घकाळ प्रचलित होती. काही भागांत अशा छताला धाबे असे म्हणतात. माळवदाची वार्षिक दुरुस्ती हे बहुतांशी घरच्या माणसांनी स्वतः करावयाचे काम असे. माती, शेण, भुसा आणि काटक्या हे साहित्य गावातच मिळे व हत्यारे शेतीचीच असत.

या दुरुस्तीची एक प्रचलित सवय मात्र धोकादायक ठरली आहे. गळती थांबविण्यासाठी जुनी माती न काढता तिच्यावरच दरवर्षी नवी माती टाकली, तर छताचे वजन पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या किल्लारी भूकंपात अशा जड छतांच्या दगड-मातीच्या घरांनी मोठी जीवितहानी घडविली. त्यामुळे माळवदाच्या दुरुस्तीत गळती थांबविण्याइतकेच वजन मर्यादित ठेवणे महत्त्वाचे मानले जाते.

भौगोलिक पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ मध्ये त्या जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली जिल्हा हे नाव मिळाले. या जुन्या सातारा जिल्ह्यात घराच्या छताचे दोन स्पष्ट प्रकार आढळतात. सह्याद्रीलगतच्या महाबळेश्वर, जावळी, पाटण या भागांत पाऊस प्रचंड असल्याने उताराची, गवताने शाकारलेली किंवा कौलारू छपरे असतात. पूर्वेकडे पर्जन्यछायेच्या प्रदेशात, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ आणि जत या तालुक्यांत, पाऊस कमी असल्याने सपाट मातीचे छत टिकू शकते. तासगाव परिसरात वार्षिक पाऊस साधारणतः ५०० ते ६०० मिलिमीटर पडतो, तर महाबळेश्वरात तो ५,००० मिलिमीटरहून अधिक असतो.

पर्जन्यछायेच्या प्रदेशात जून-जुलैपेक्षा परतीच्या पावसाचा जोर पुष्कळदा अधिक असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील थोड्या वेळात कोसळणाऱ्या सरी माळवदाची खरी परीक्षा घेतात, कारण तोपर्यंत छतावरील माती आधीच ओल धरून असते. उन्हाळ्यात या भागाचे तापमान ४० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. मातीचा जाड थर दिवसाची उष्णता आत पोहोचण्यास कित्येक तासांचा विलंब लावत असल्याने माळवदाचे घर दुपारी थंड राहते. धान्य व मिरच्या वाळविणे, उन्हाळ्यात रात्री झोपणे यांसाठीही माळवदाचा उपयोग होतो.

रचना

माळवदाच्या घराचे मोजमाप ‘खण’ या एककात केले जाते. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. त्यावरून घर किती खणांचे हे सांगण्याची पद्धत आहे. छताचे प्रमुख घटक खालून वर पुढीलप्रमाणे असतात.

खांब आणि तुळया : जमिनीवर दगडी उथळ्यावर लाकडी खांब उभा करून त्यावर तुळई टाकतात. अनेक घरांत छताचा भार मुख्यतः या लाकडी सांगाड्यावर असतो व भिंती आडोसा म्हणून काम करतात. काही घरांत मात्र तुळयांची टोके थेट भिंतीत बसविलेली असतात. दुरुस्तीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दुसऱ्या प्रकारात भिंत सरकली की छतही खाली येते.

किलचण : तुळयांवर कड्या (लहान वासे) आणि त्यांवर काटक्या, तुरकाट्या किंवा चिरलेल्या लाकडाचे तुकडे दाटीने अंथरतात. सधन घरांत किलचणीऐवजी फळ्यांचा कडीपाट असतो. माती खाली झिरपू नये म्हणून किलचणीवर पाला किंवा पाचट पसरतात. काही ठिकाणी कडुनिंबाचा पाला वापरतात.

मातीचे थर : पाचटावर चिखलाचा थर, त्यावर कोरड्या मातीचा धुमसून घट्ट केलेला थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर असतो.

पन्हळ आणि सवणे : छताच्या कडेला मातीचा किंवा दगडाचा कठडा करून पाणी बाहेर फेकण्यासाठी पन्हळी बसवितात. उजेड आणि धूर यांसाठी छतात ठेवलेल्या झरोक्याला सवणे (काही भागांत साने) म्हणतात. पावसाळ्यात ते झाकून ठेवतात.

भिंती दगड-मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या, म्हणजे भेंड्यांच्या, असतात.

पांढरी माती

जुन्या गावठाणाच्या उंचवट्यावरील फिकट रंगाची माती माळवदासाठी उत्तम समजली जाते. शतकानुशतकांच्या वस्तीमुळे पडलेल्या भिंतींची माती, राख आणि शेण यांपासून ती तयार झालेली असते. या मातीवरूनच गावठाणाला ‘पांढरी’ आणि शेतजमिनीला ‘काळी’ असे म्हटले जाते. पांढऱ्या मातीचे कण बारीक असतात. पहिल्या सरीत ओली होताच ती दाटते आणि खालच्या थरात पाणी शिरू देत नाही. वाळताना तिला मोठ्या भेगाही पडत नाहीत.

शेतातील काळी माती याउलट वागते. तिच्यातील चिकण खनिजे पाण्याने फुगतात व वाळल्यावर आकसतात. त्यामुळे उन्हाळ्यात तिला बोटभर रुंद भेगा पडतात आणि वळवाच्या पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट किलचणीपर्यंत पोहोचते. म्हणून काळी माती माळवदाच्या वरच्या थरात वापरीत नाहीत. खानदेशात व इतरत्र काही ठिकाणी खारी माती वापरली जाते. तिच्यातील क्षारांमुळे छतावर गवत कमी उगवते.

मातीची पारख घरच्या घरी करता येते. ओल्या मातीचा लिंबाएवढा गोळा करून तो सावलीत वाळवितात. त्याला भेगा पडल्यास माती फार चिकण असते व तिच्यात वाळू, मुरुमाची भुकटी किंवा भुसा मिसळावा लागतो. गोळा बोटांनी सहज चुरला गेल्यास माती फार रेताड असते व ती पाणी अडवीत नाही. जुन्या गावठाणांच्या जागी पुष्कळदा पुरातत्त्वीय अवशेष असतात. त्यामुळे तेथील माती उकरण्यापूर्वी ग्रामपंचायतीची अनुमती आणि जागेचे स्वरूप पाहणे आवश्यक असते.

वार्षिक देखभाल

माळवदाची देखभाल वैशाख-ज्येष्ठात, मृग नक्षत्र लागण्यापूर्वी म्हणजे साधारणतः ७ जूनच्या आत, पूर्ण करण्याचा प्रघात आहे. तासगाव हा द्राक्षे आणि बेदाणे यांसाठी प्रसिद्ध असलेला तालुका आहे. येथे बेदाण्याचा हंगाम व एप्रिलमधील खरड छाटणी आटोपल्यानंतरचा काळ घरकामास मोकळा मिळतो. कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. पाहणी : प्रथम घरातून छताची पाहणी केली जाते. तुळईवरील काळपट डाग, किलचणीतून गळणारी माती, वाळवीच्या मातकट नळ्या आणि वाकलेली कडी ही दोषाची चिन्हे होत. तुळईचे भिंतीत गेलेले टोक सर्वांत आधी कुजते, कारण तेथे ओल साचते व वारा लागत नाही. टोच्याने किंवा पेचकसाने टोचून पाहिल्यास निरोगी लाकडात तो फारसा शिरत नाही. कुजलेल्या लाकडात सहज आत जातो. ठोकल्यावर पोकळ आवाज येणे हे वाळवीचे लक्षण समजले जाते.

२. गवत काढणे : मागील पावसात उगवलेले गवत व झुडपे मुळांसकट काढतात. मूळ कुजल्यावर त्याच्या जागी पोकळी राहते आणि तिच्यातून पाणी उतरते. पिंपळ-वडाची रोपे लहान असतानाच काढावी लागतात.

३. जुनी माती खरवडणे : वरचा भेगाळलेला, सैल थर खोऱ्याने खरवडून खाली उतरवितात. चाळून आणि चुरून तीच माती पुन्हा वापरता येते. हा टप्पा पुष्कळदा गाळला जातो. त्याचे परिणाम पुढे दिले आहेत.

४. उतार देणे : छत पूर्ण सपाट नसून पन्हळीच्या दिशेने दर मीटरला दोन ते तीन सेंटिमीटर उतार ठेवतात. उतार कमी पडल्यास पाणी साचते. फार झाल्यास वाहत्या पाण्याबरोबर माती धुपते. दोरी आणि पाण्याने भरलेली पारदर्शक नळी यांच्या साहाय्याने उतार तपासता येतो.

५. थर देणे व धुमसणे : किंचित ओलसर माती पातळ थरात पसरून धुम्मसाने ठोकतात. जाड थर एकदम टाकल्यास त्याचा वरचा भागच घट्ट होतो आणि खालचा सैल राहतो.

६. लेप : माती, शेण व बारीक भुसा यांचा गारा काही दिवस भिजवून, तुडवून त्याचा बोटभर लेप देतात. भुशामुळे लेपाला तडे जात नाहीत. पन्हळीभोवती आणि सवण्याच्या कडेला लेप अधिक काळजीपूर्वक दिला जातो, कारण तेथे माती आणि दगड-लाकूड यांचा सांधा असतो.

गळतीचा शोध

माळवद जेथे गळते त्याच्या बरोबर वरच दोष असेल असे नाही. पाणी मातीतून उतरून किलचणीवरून तिरके वाहते आणि एखाद्या कडीच्या कडेने खाली ठिबकते. म्हणून गळतीच्या जागेपासून उताराच्या वरच्या बाजूस शोध घेतला जातो. उंदरांची बिळे, मुंग्यांची वारुळे, कुजलेली मुळे, तुंबलेली पन्हळ आणि कठड्यालगतची फट ही गळतीची नेहमीची कारणे आहेत.

चालू पावसात गळती थांबविण्यासाठी त्या जागेवर कोरडी पांढरी माती शिंपडून पायाने दाबण्याची रीत आहे. हा तात्पुरता उपाय होय. भिजलेल्या माळवदावर अनेकांनी एकाच वेळी चढणे, मातीचे ढीग रचणे किंवा धुम्मस चालविणे धोक्याचे असते, कारण त्या वेळी माती पाण्यामुळे जड झालेली आणि लाकूड ओले असते. ताडपत्री अंथरून पाऊस उघडण्याची वाट पाहणे अधिक सुरक्षित ठरते.

वजनाचा प्रश्न

धुमसलेल्या मातीचे वजन घनमीटरला साधारणतः १,६०० ते १,८०० किलोग्रॅम असते. १० फूट रुंद व १५ फूट लांब खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १४ चौरस मीटर भरते. अशा खोलीवर एक इंच मातीचा थर टाकला, तर सुमारे ६०० किलोग्रॅम वजन वाढते. २० सेंटिमीटर थराचे वजन पावणेपाच टनांच्या जवळपास आणि ६० सेंटिमीटर थराचे १४ टनांहून अधिक होते. पावसात शोषलेल्या पाण्याची भर यात धरलेली नाही.

जुनी माती न खरवडता दरवर्षी केवळ एक सेंटिमीटर माती टाकत गेल्यास तीस वर्षांत छताची जाडी ३० सेंटिमीटरने वाढते. प्रत्येक वर्षीची भर किरकोळ वाटते व घर त्या वर्षी गळतही नाही. त्यामुळे धोका घरच्यांच्या लक्षात येत नाही. तुळया मात्र मूळच्या थराचाच भार गृहीत धरून निवडलेल्या असतात आणि त्यांचे वयही वाढत असते.

भूकंपातील वर्तन

भूकंपात इमारतीवर येणारे आडवे बल तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असते. छत जितके जड, तितका जोराचा आडवा हिसका खांबांना व भिंतींना सोसावा लागतो. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीत बहुधा आतील व बाहेरील असे दोन थर असतात आणि त्यांच्यामध्ये गोटे व माती भरलेली असते. दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड नसल्यास हादऱ्याने थर एकमेकांपासून सुटतात व भिंत फुगून ढासळते.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर येथे ६.३ ते ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात सुमारे १८० लोक मृत्युमुखी पडले. कोयनानगर तासगावपासून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर आहे. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास, लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारी परिसराला ६.२ तीव्रतेच्या भूकंपाचा तडाखा बसला. आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य झोपेत असताना दगडी भिंती आणि मातीच्या छताखाली गाडली गेली. हा प्रदेश तोपर्यंत भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या विभागात गणला जात होता. अनेक घरांवर मातीचा थर अर्धा मीटर किंवा त्याहून जाड असल्याचे आढळले. भिंती कोसळल्या तरी सांधे मजबूत असलेला लाकडी सांगाडा काही ठिकाणी उभा राहिल्याचेही दिसून आले.

भूकंपानंतर ५२ गावांचे संपूर्ण स्थलांतर करण्यात आले. इतर गावांत जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात घरमालकांनी स्वतः दुरुस्ती व पुनर्बांधणी करण्याची पद्धत स्वीकारली गेली. शासनाने टप्प्याटप्प्याने आर्थिक मदत आणि तांत्रिक मार्गदर्शन पुरविले व सुमारे दोन लाख घरांचे काम त्यातून झाले. दगड-मातीच्या घराविषयी धास्ती बसल्याने पुष्कळ कुटुंबांनी जुने घर बळकट करण्याऐवजी शेजारी विटा-सिमेंटची नवी खोली बांधणे पसंत केले.

भारतीय मानक ब्युरोच्या २००२ च्या भूकंप विभाग नकाशात सांगली जिल्हा तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, विभागात दाखविला आहे.

सुरक्षित दुरुस्तीची तत्त्वे

किल्लारीच्या अनुभवानंतर माळवदाच्या घरांसाठी पुढील उपाय सुचविले गेले.

- मातीचा थर सुमारे २० सेंटिमीटरपर्यंत कमी करणे. कमी जाडीमुळे गळती वाढू नये म्हणून थराच्या आत जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर माती व लेप देता येतो.
- माती सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात उतरविणे. एका बाजूची माती आधी काढल्यास सांगाड्यावर असमान भार येतो. काढलेली माती छतावरच एका जागी साठवू नये.
- काम सुरू करण्यापूर्वी संशयास्पद तुळईखाली टेकू देणे व खोली रिकामी करणे.
- खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके लाकडी आधार ठोकून सांगाडा आडव्या हादऱ्यांसाठी ताठ करणे.
- जाड दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जोड बसविणे आणि दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर भिंतींना चहूबाजूंनी पट्टा देणे.

यांपैकी गवत काढणे, माती खरवडणे, उतार देणे, लेप देणे आणि पन्हळ साफ करणे ही कामे घरच्यांना करता येतात. तुळई बदलणे, भिंतीला आरपार छिद्र पाडणे, फुगलेली भिंत उतरविणे आणि सांगाड्याचे सांधे बांधणे ही कामे अनुभवी सुतार-गवंड्याच्या हातून आणि शक्यतो अभियंत्याच्या सल्ल्याने केली जातात. किलचणीलगत वीजतारा असल्यास मुख्य कळ बंद करूनच काम करावे लागते, कारण ओल्या लाकडातून व मातीतून वीज उतरू शकते. किलचणीत विंचू व साप आश्रय घेत असल्याने उघड्या हाताने काटक्या उपसणे टाळले जाते.

मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा देणे ही दुरुस्तीतील आणखी एक सामान्य चूक आहे. सिमेंटमुळे भिंतीतील ओल बाहेर पडत नाही. ती आत साठून मातीची पकड कमी करते आणि काही वर्षांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. माती-भुशाचा किंवा चुन्याचा गिलावा अशा भिंतीशी अधिक जुळतो. भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचू न देणे हे तर गिलाव्यापेक्षाही आवश्यक असते. पुरात भिजलेल्या मातीच्या भिंती पाणी ओसरल्यानंतरही काही दिवस ढासळत राहतात. म्हणून त्या पूर्ण वाळून तपासल्याशिवाय घरात राहणे धोक्याचे असते.

सद्यस्थिती

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पत्रा आणि सिमेंट काँक्रीटचा स्लॅब यांमुळे नवी माळवदे बांधणे जवळजवळ थांबले. लाकूड महाग झाले, गावठाणातील पांढरी माती दुर्मीळ झाली आणि दरवर्षी लागणारे मनुष्यबळ घरात उरले नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागाने पक्क्या घरांकडील कल अधिक वाढविला. अनेक जुन्या घरांत माळवद तसेच ठेवून त्यावर पत्रे टाकलेले दिसतात. त्यामुळे गळती थांबते व वार्षिक कामही टळते. परंतु मातीचा जाड थर आणि त्याचे वजन छतावर कायम राहते, आणि लेप देण्यासाठी वर चढणे बंद झाल्याने तुळयांची पाहणीही होत नाही. पत्रे टाकण्यापूर्वी अनावश्यक माती उतरविल्यास हा धोका बराच कमी होतो.

हे सुद्धा पाहा

धाबे
गावठाण
१९९३ चा किल्लारी भूकंप
१९६७ चा कोयना भूकंप
तासगाव तालुका